सेसना डावीकडे ओढतंय? फाइल उघडण्याआधी आकडे बघा

फ्लाइटगिअर हा संगणकावर विमान उडवण्याचा सिम्युलेटर सुरू केला, सेसनाचं सी-१७२पी हे छोटं विमान घेतलं, जुहूची धावपट्टी २६ निवडली आणि थ्रॉटल (इंजिनाची शक्ती) पूर्ण दिला. विमान मधल्या पांढऱ्या रेघेवर टिकेचना. डावीकडे, थेट गवतात. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

हा सिम्युलेटर मुक्त स्रोत असल्याने विमानाच्या सगळ्या एक्सएमएल फायली (विमानाचं वर्णन लिहिलेल्या मजकूर-फायली) उघड्याच असतात. मी तडक विमानाच्या फाइलमध्ये शिरलो आणि प्रॉपेलरचा पी-फॅक्टर (नाक वर असताना प्रॉपेलरच्या दोन बाजूंची ओढ असमान होऊन विमान डावीकडे वळतं, तो परिणाम) शून्य केला. धावपट्टीवर काहीच फरक पडला नाही. उलट चढताना उजवा रडर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू) जितका द्यावा लागतो, तितका लागेनासा झाला. कारण नंतर समजलं. या विमानाचं उड्डाणगणित सिम्युलेटरमधला जेएसबीसिम हा भाग करतो, आणि त्यात पी-फॅक्टरचा परिणाम हवेला भिडण्याच्या कोनावर अवलंबून असतो. तीन चाकांवर, नाक सरळ असताना तो कोन फारच लहान. म्हणजे रोग एकीकडे आणि मी औषध दुसरीकडेच लावत होतो. नवीन येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पहिला आठवडा एकाही फाइलला हात लावू नका.

कॉलेजातल्या एका ताईने मला एकच प्रश्न विचारला, "हात सोडून आकडे बघितलेस का?"

कीबोर्डवर '/' दाबलं की प्रॉपर्टी ब्राउझर उघडतो. विमानाची प्रत्येक अवस्था तिथे आकड्यांत दिसते. 'कंट्रोल्स', मग 'फ्लाइट', मग 'ऐलरॉन', म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा. जॉयस्टिकला कुणाचाही हात नव्हता, विमान जागच्या जागी उभं होतं, आणि आकडा −०.०६ च्या आसपास थरथरत होता. शून्य हवा होता. जुन्या जॉयस्टिकचा मध्यबिंदू सरकला होता. त्यात मी रडरचे पेडल नसल्यामुळे ऑटो-कोऑर्डिनेशन चालू ठेवलं होतं. त्या सोयीत ऐलरॉनबरोबर रडरही फिरतो, आणि जमिनीवर रडरबरोबर पुढचं चाक. जॉयस्टिकची वायर काढली, सिम्युलेटर पुन्हा सुरू केला, आणि निम्मं ओढणं संपलं. नंतर जॉयस्टिकच्या एक्सएमएलमध्ये त्या अक्षाचा डेड-बँड (मध्याजवळची हालचाल दुर्लक्षित करायचा पट्टा) वाढवला. ती फाइल मात्र स्वतःच्या फ्लाइटगिअर फोल्डरमधल्या 'इनपुट/जॉयस्टिक्स'मध्ये ठेवा, नाहीतर नवी आवृत्ती टाकताना बदल पुसला जातो.

उरलेलं निम्मं? जून महिना होता आणि मी सिम्युलेटरमध्ये खरं, थेट हवामान ठेवलं होतं. जुहूला पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणजे पश्चिमेकडे धावणाऱ्या २६ वर डाव्या अंगाने. उभं शेपूट वाऱ्याने ढकललं जातं आणि नाक वाऱ्याकडे वळतं, खऱ्या विमानातही. वारा शून्य केल्यावर फक्त थोडंसं ओढणं राहिलं. ते इंजिनाचं. कॉकपिटमधून बघताना प्रॉपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे जास्त शक्ती आणि कमी वेग असताना विमान डावीकडे जातं. हा दोष नाही, हेच उड्डाण आहे.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी जॉयस्टिक, मग वारा, मग इंधन. हवेत तासभर गेल्यावर विमान एका बाजूला कलू लागलं, तर दोन्ही टाक्यांतलं इंधन आणि निवडीचा खटका बघा. तो 'बोथ'ऐवजी 'लेफ्ट'वर राहिला असेल तर डावी टाकी हलकी होऊन विमान उजवीकडे झुकतं. एवढं करूनही कारण सापडलं नाही, तरच विमानाच्या फायली बघा, आणि त्याआधी ते जेएसबीसिमवर चालतं की यासिम या दुसऱ्या उड्डाणगणितावर, हे तपासा. जेएसबीसिममध्ये गुणांक लिहिलेले असतात, तर यासिम विमानाच्या आकारमानावरून स्वतः हिशोब लावतं. चूक शोधायची जागाच वेगळी. एक्सएमएलमधली चूक बहुतेक वेळा 'एफजीएफएस.लॉग' या सिम्युलेटरच्या नोंदींच्या फाइलमध्ये सापडते.

पी-फॅक्टर मी मूळ किमतीवर आणला. आता थ्रॉटल देताना उजवा हात नंबरपॅडवर असतो. 'एंटर' हलकेच दोनदा-तीनदा दाबलं की उजवा रडर लागतो, आणि ५५ नॉट होईपर्यंत पांढरी रेघ नाकाखालीच राहते.