कुत्र्यासह वेंगुर्ल्याला निघण्याआधी

बेळगावहून आंबोली उतरून समुद्राकडं जाताना कुत्राही बरोबर असेल, तर खोलीचे पैसे पाठवण्याआधी मालकाला फोन करा आणि पहिली गोष्ट विचारा: कुत्रा रात्री कुठं झोपणार? 'कुत्रा चालतो' म्हणणाऱ्या बऱ्याच मालकांच्या मनात तो पडवीत बांधलेला असतो, तुमच्या मनात पलंगाशेजारी. घरात वाढलेला कुत्रा परक्या पडवीत रात्रभर भुंकतो आणि सकाळी खोली सोडायची पाळी येते. त्याचं वजन, वय, नर की मादी हे आधीच सांगा. मालकाची कुत्री, मांजरं, कोंबड्या आहेत का ते विचारा. सफाईचे जादा पैसे किती, अनामत परत कधी, हे मेसेजवर लिहून घ्या.

मग फोटो मागवा, खोलीचे नव्हे, आवाराचे. कोकणात चिऱ्यांचा गडगा बऱ्याचदा कमरेएवढाच असतो. मुधोळसारखा लांब पायांचा कुत्रा तो एका उडीत ओलांडतो, आणि पलीकडं कोंबडी पळताना दिसली की मग कितीही हाका मारा, वळत नाही. आपल्याकडं मुधोळ पाळणारे बरेच, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. नुसत्या रचलेल्या चिऱ्यांच्या फटींत सापही असतात, आणि हुंगायला गेलेल्या कुत्र्याला चावा थेट नाकाडावर बसतो. फाटकाखालची फट, विहिरीचा कठडा आणि कुत्रा बांधायची जागा फोटोत दिसायला हवी. ती जागा माडाखाली नको. सुकलेली झावळ पडायला वारा लागत नाही.

रेबीजची पहिलीच लस असेल तर ती निघण्याच्या किमान 3 आठवडे आधी द्या. लेप्टोस्पायरोसिसची पहिल्यांदाच देणार असाल तर 3 ते 4 आठवड्यांच्या अंतरानं 2 डोस लागतात. सिंधुदुर्गात हा आजार आहे, तेव्हा टाळू नका. मानेवर घालायचं गोचिडीचं औषध 2 दिवस आधी घाला आणि त्याच्या आगंमागं आंघोळ नको, कारण ते कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतं. तिलारी घाटानं उतरणाऱ्यांनी इथं जास्तच जपावं. दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये माकडतापाची साथ आली होती, आणि तो गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो. वाटेत थांबलात तरी कुत्र्याला झुडपात सोडू नका.

शेवटचं खाणं निघण्याच्या 5-6 तास आधी. पहाटे निघणार असाल तर रात्रीचं तेवढंच. घाटाच्या वळणांवर कुत्रा आधी ओठ चाटतो, जांभया देतो, मग लाळ गळायला लागते आणि शेवटी ओकतो. लाळ दिसली की घाट संपायची वाट न बघता रुंद जागी गाडी थांबवा. सीटवर जुनी चादर, तिच्याखाली प्लास्टिक. मालकासाठी घेतलेला कुंद्याचा डबा डिकीत ठेवा. खवा आणि साखर पोटात गेली की जुलाब ठरलेले.

किनाऱ्यावर गोडं पाणी जवळ हवंच, नाहीतर तहानलेला कुत्रा खारं पाणी पितो आणि ओकतो. 15 किलोच्या कुत्र्याला दिवसाला पाऊण ते 1 लिटर लागतं, उन्हात त्याहून जास्त. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तिथं कुत्र्याची दोरी आखूड धरा. वाळूत टाकून दिलेल्या मासळीत फुगलेला केंड मासा असू शकतो. तो मेल्यावरही विषारी राहतो, शिजवला तरी विष जात नाही. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीकडं थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तिथं कुत्रा मोकळा सोडूच नका. वाळू उकरून तो घरटं उघडं पाडतो.

बाकी सामान थोडकं: लसीचं कार्ड, नेहमीचं खाणं एक दिवस जादा, दोन पट्टे, गळ्यात फोन नंबर, दोन टॉवेल, आणि तिथल्या जनावरांच्या डॉक्टरचा नंबर मालकाकडून घेतलेला. समुद्रावरून आल्यावर बोटांच्या बेचक्यांतली वाळू गोड्या पाण्यानं धुऊन कोरडी करावी लागते, नाहीतर कुत्रा चाटून चाटून जखम करतो. त्यासाठी अंगणात नळ आहे का, हेही पहिल्याच फोनला विचारून घ्या.