अंगावरून जातंय म्हणून अँटिबायोटिक? आधी हे वाचा

मेडिकलच्या काउंटरवर दबक्या आवाजात "अंगावरून पांढरं जातंय, काहीतरी द्या" म्हटलं की पुष्कळदा तीन औषधांचं एक किट पुढे सरकतं: फ्लुकोनॅझोल, अझिथ्रोमायसिन, सेक्निडॅझोल. बुरशी, जिवाणू, परजीवी, जे असेल ते मरेल असा हिशोब. मी स्त्रीरोग ओपीडीत नर्स आहे आणि या किटची मला मनस्वी चीड आहे. त्रास नुसत्या बुरशीचा असेल तर त्यातली दोन औषधं उगाच पोटात जातात. आणि वास मारणारा जिवाणूंचा त्रास असला तरी अझिथ्रोमायसिन त्यावरचं औषध नाही.

1. तपासायला जा. आदल्या दिवसापासून आत गोळी ठेवू नका, धुऊ नका, संबंध टाळा. नाहीतर सँपलमधून धड काही कळत नाही. खर्चाचा किंवा लाजेचा प्रश्न असेल तर सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या दवाखान्यात) तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. ताप, ओटीपोटात दुखणं, पाळीशिवाय रक्त, फोड किंवा दिवस गेलेले असतील तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी जा.

2. नेमकं कशाचं आहे ते ठरू द्या. सगळी गोम इथे आहे. नवीन असताना मलाही हीच पायरी सगळ्यात जड गेली, कारण पुस्तकात लिहिल्यासारखी लक्षणं घेऊन फारशी कुणी येतच नाही. ढोबळमानाने असं: बुरशीत खाज जबर असते, स्राव दह्याच्या चोथ्यासारखा आणि वास जवळपास नाही. जिवाणूंचं संतुलन बिघडलं, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस झालं, तर स्राव पातळ, राखाडीसर असतो. त्याला माशासारखा वास येतो, संबंधानंतर जास्तच. खाज बेताची. ट्रायकोमोनास या परजीवीची लागण असेल तर स्राव पिवळट-हिरवट, कधी फेसाळ. पण दोन गोष्टी एकत्रही असतात, म्हणून नुसत्या वर्णनावर जाऊ नका. डॉक्टर स्रावाला पीएचची, म्हणजे आम्लता मोजायची, कागदी पट्टी लावतात. एरवी आकडा 4.5 च्या आत असतो आणि बुरशीतही बहुधा तिथेच राहतो. जिवाणूंच्या त्रासात तो वर चढतो. सोबत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की चित्र बरंच स्पष्ट होतं.

एवढा खटाटोप कशाला? योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे आपल्याच कामाचे जिवाणू असतात, तिथली आम्लता तेच टिकवतात. अँटिबायोटिक बुरशीला हात लावत नाही, पण या जिवाणूंना मारू शकतं, आणि मग बुरशीला मोकळं रान मिळतं. खाज होती म्हणून अँटिबायोटिक, खाज वाढली म्हणून आणखी जोरदार अँटिबायोटिक, अशा चक्रात अडकलेल्या बायका मी सतत बघते. अगदी बरोबर दिलेल्या औषधातही हे होतं: वास जातो आणि दोन-चार दिवसांत खाज सुटते. अशा वेळी "औषध लागू पडलं नाही" म्हणून गोळी बदलू नका, अर्धवट सोडूही नका. डॉक्टरांना फोन करा. गरज असेल तर ते क्लोट्रिमॅझोलसारखं बुरशीचं औषध जोडतील. मैत्रिणीची उरलेली पट्टी हा त्यावरचा इलाज नाही.

3. गोळ्या. बॅक्टेरियल व्हजायनोसिस किंवा ट्रायकोमोनास ठरलं तर मेट्रोनिडॅझोल 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 5 ते 7 दिवस, ही नेहमीची पद्धत. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं असेल तर चिठ्ठी खरी. जेवणानंतर घ्या, तोंडाला धातूसारखी चव येते ती सहन करा, आणि त्या दिवसांत दारू नको. एखादी गोळी विसरलात तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन चालू असेल, अंगावर पाजत असाल, एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, तर चिठ्ठी लिहिण्याआधी सांगा. अंगावर पुरळ आलं किंवा हातापायांना मुंग्या आल्या तर लगेच कळवा. श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा.

4. आत ठेवायची गोळी किंवा क्रीम. रात्री झोपताना, आडवं पडून ठेवा, आणि पॅड लावा. क्लिंडामायसिनच्या क्रीममधल्या तेलाने कंडोम कमकुवत होतो, संपल्यावरही 5 दिवस त्यावर भरवसा नको. दिवस गेले असतील तर ॲप्लिकेटर वापरायचा की नाही, विचारून घ्या.

5. फिटकरीचं पाणी, डेटॉल, लसणाची पाकळी: आत काहीही नको. बाहेरून साधं पाणी पुरतं.

6. नवऱ्याचं काय? ट्रायकोमोनास असेल तर दोघांचा इलाज एकाच वेळी, आणि दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध बंद. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये पुरुषाला औषध द्यायची पद्धत नव्हती. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. जोडीदारालाही गोळ्या आणि क्रीम दिल्यावर 12 आठवड्यांत 35 टक्के बायकांचा त्रास उलटला, न दिलेल्यांत 63 टक्के. वारंवार होत असेल तर डॉक्टरांकडे हा विषय तुम्हीच काढा, जोडीदाराला सोबत नेऊन.

बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल तर साखर तपासा. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तेही सांगा. या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते आणि बुरशीला खाद्य मिळतं. मात्र ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका.