आधी धार बघा, मग दर्या

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात निवतीच्या दीपगृहाच्या खडकांकडे गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, निघालो होतो. होडीत मी, पुतण्या आणि पुण्याचे तिघे पाहुणे. अर्ध्या वाटेत मशीन, म्हणजे होडीमागे लावलेलं आऊटबोर्ड इंजिन, खोकली, दोन गचके दिले आणि गप्प. तीस वर्षं लोकांच्या मशिनी खोलणारा माणूस मी. मोठ्या रुबाबात वरचं झाकण काढलं, प्लग काढले, पुसले, परत बसवले. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. पाहुणे गप्प, लाटा आडव्या. पुतण्याने पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा उचलून दाखवला. चपातीसारखा चपटा झालेला. "काकानू, टाकयेचो स्क्रू उघडूक इसारलात."

टाकीच्या झाकणावर एक बारका स्क्रू असतो. तो हवेसाठी. वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून आपण तो घट्ट करतो आणि निघताना सैल करायला विसरतो. पेट्रोल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा आत यायला वाट नसते, टाकी आतून ओढ धरते आणि पाच-दहा मिनिटांत मशीन उपाशी मरते. माझ्याकडे "बंद पडली" म्हणून येणाऱ्या तक्रारींत हा स्क्रू, निघालेली लाल दोरी आणि पेट्रोलातलं पाणी ही तीनच कारणं पुन्हा पुन्हा निघतात. म्हणून समुद्रात मशीन थांबली तर पाना हातात घ्यायच्या आधी फुगा हातात घ्या. चपटा असेल तर हवेचा स्क्रू बघा. दाबून दाबून कडकच होत नसेल तर नळी कुठेतरी हवा ओढते आहे किंवा जोड नीट बसलेला नाही. कडक आहे आणि तरी मशीन लागत नाही, तेव्हाच प्लगकडे जा. फुग्यावरचा बाण मशीनकडे हवा. हे सांगायची गरज पडू नये, पण उलटा बसवलेला मी दोनदा पाहिला आहे.

लाल दोरी म्हणजे मनगटाला बांधायची, जी ओढली गेली की मशीन बंद होते ती. तिची क्लिप बटणाखाली नसेल तर तुम्ही संध्याकाळपर्यंत मशीन सुरू करायची दोरी ओढा, ठिणगी पडणार नाही. तरीही ती बांधाच. एकटा माणूस होडीतून पडला आणि होडी त्याच्याभोवती गोल फिरत राहिली, तर पंखा कोणाला ओळखत नाही.

आता पेट्रोल. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच पैसे जातात.

माझी मशीन १५ घोड्यांची टू-स्ट्रोक. तिला ५०ला १ मिश्रण, म्हणजे लिटरला २० मिली ऑईल, २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. तुमच्या मशीनचं प्रमाण तिच्या पुस्तकात बघा, शेजाऱ्याला विचारू नका. ऑईल डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच घ्या. मोटरसायकलचं टू-टी स्वस्त पडतं म्हणून घालतात. पण ते वाऱ्यावर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. आपली मशीन समुद्राच्या पाण्यावर थंड होते. त्यात ते ऑईल नीट जळत नाही, राख धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. आधी टाकीत थोडं पेट्रोल, मग सगळं ऑईल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल. उलटं केलंत तर ऑईल तळाशी बसून राहतं.

आताच्या पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाण्याला जवळ करतं. आपल्या किनाऱ्यावरची हवा तुम्हाला ठाऊक आहे. मिठाची बरणी दोन दिवसांत ओली होते. अर्धी भरलेली टाकी महिनाभर खोपीत राहिली की ती तेच करते. पाणी पुरेसं साठलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला जातं. ते दिसतं. काचेच्या बाटलीत टाकीच्या तळातलं थोडं काढा, दहा मिनिटं ठेवा आणि उन्हात धरा. वर ऑईलच्या रंगाचं पेट्रोल, खाली फिकट, गढूळ पाण्यासारखा थर, मध्ये दोरा धरल्यासारखी रेघ. त्या खालच्या थरात ऑईल जवळजवळ नसतंच, आणि नळी पिते ती तळातूनच. मशीन कशीबशी चालू झालीच तर कोरडी चालते. गेल्या वर्षी असाच एक पिस्टन काढला, त्यावर नखाने ओढल्यासारखे उभे ओरखडे होते. मालक म्हणाला, पेट्रोल तर दिवाळीतलंच आहे. मग?

तेव्हा लागेल तेवढंच मिसळा आणि तीन आठवड्यांत संपवा. बारीक जाळीच्या नरसाळ्यातून ओता. पाणी वेगळं करणारा फिल्टर नळीत बसवा आणि जुनी नळी, जुना फुगा बदलून टाका. इथेनॉलने रबर आतून फुगतं, त्याचे काळे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसतात.

मशीन लागली की लगेच मागे बघा. बाजूच्या बारक्या भोकातून पाण्याची धार पडली पाहिजे. ती धार म्हणजे मशीनची नाडी. बोट धरा: कोमट लागली तर ठीक, चटका बसला किंवा धार करंगळीएवढीही नसली तर बंद करा. आधी भोकात जाड तंगुसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याचा, तुकडा घालून बघा. कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते, मीठही साठतं. मग मशीन वर उचलून खालच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी बसली आहे का बघा. हल्ली जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्या जास्त येतात, मशीनलाही त्या सोडत नाहीत. हे दोन्ही नसेल तर पाणी वर ढकलणारा इम्पेलर गेला.

इम्पेलर हे सहा पाकळ्यांचं रबरी फूल. ते पंख्याच्या वरच्या भागात उभ्या शाफ्टवर बसतं. खालच्या भागाचे बोल्ट आणि गियरच्या दांड्याचा जोड सोडला की तो भाग खाली येतो. जुना इम्पेलर हातात घ्या आणि पाकळ्या बघा. सगळ्या एका बाजूला वाकून तशाच राहिल्या असतील, टोकं चकाकत असतील, मुळाशी चीर असेल तर बदला. एखादी पाकळी तुटली असेल तर तुकडा शोधून काढा. तो वरच्या पाणवाटेत अडकून बसतो आणि नवा इम्पेलर घालूनही धार येत नाही. नवीन बसवताना ग्रीस नको, साबणाचं पाणी लावा. शाफ्टवरची छोटी चावी हरवू नका. इम्पेलरवरची डबी खाली दाबताना शाफ्ट फिरतो त्याच दिशेने, वरून बघताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे, हळूहळू फिरवा, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वाकतात. आमच्यासारखी पाण्याबरोबर रेती ओढणारी मशीन असेल तर वर्षाला एक इम्पेलर धरूनच चाला. आणि अंगणात "एकदा लावून बघतो" म्हणून मशीन कोरडी चालवू नका. थोडक्या सेकंदांत रबर जळतं.

गरवणाऱ्यांना एक खास सांगणं. इसवणीसाठी (सुरमईसाठी) तंगूस सोडून होडी चालवता, वळताना ढील पडते आणि तंगूस पंख्यात जाते. बरेच जण दिसेल तेवढी कापून पुढे जातात. पण पंख्यामागे उरलेली तंगूस शाफ्टवर घट्ट गुंडाळत जाते आणि सील कापते. मग पाणी आत, गियर ऑईल बाहेर. घरी आल्यावर पंख्याची पिन काढा, पंखा काढा, मागे बघा. पाच मिनिटांचं काम. महिन्यातून एकदा खालचा स्क्रू थोडा सैल करून गियर ऑईलचा थेंब बोटावर घ्या. दुधाळ चहासारखा असेल तर पाणी शिरलं आहे. ऑईल भरताना नेहमी खालच्या भोकातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत, आणि आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. वरून ओतलंत तर आत हवा अडकते.

हल्ली तरुण पोरं गळ सोडून मास्क लावून पाण्यात उतरतात, शेवंडीसाठी (लॉबस्टरसाठी), कालवांसाठी, कोणी कोणी भाल्याची बंदूक घेऊनही. मालवणच्या किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे बंदूक पिशवीतून काढायचीच नाही. बाहेर कुठे जाणार असाल तर मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारा. होडीवाला म्हणून माझे नियम दोन. पाण्यात माणूस असेल तर मशीन बंद. न्यूट्रल नव्हे, बंद. थंड मशीनचा पंखा न्यूट्रलमध्येही हळूहळू फिरतो. दुसरा, एक खाली तर एक वर, दोघं एकदम खाली नाही. बुडी मारण्याआधी भराभर मोठे श्वास घेणाऱ्याला मी पाण्यात उतरू देत नाही. त्याने हवा जास्त साठत नाही, फक्त श्वास घ्यायची कळ उशिरा येते. आणि वर येताना, पृष्ठभाग हातावर असताना, माणूस न ओरडता शुद्ध हरपतो.

वेळेचं म्हणाल तर पहाटेच्या मतलई, म्हणजे जमिनीवरून येणाऱ्या, वाऱ्यावर बाहेर, आणि दुपारी समुद्रावरचा वारा चढायच्या आत घरी. भरतीसाठी तिथीची पाऊणपट धरा: चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. आमच्याकडे मुंबईच्या थोडी आधी येते. देवबागला नदी समुद्राला मिळते त्या संगमावर ओहोटीचं पाणी आणि समोरून वारा एकत्र आले की लाट उभी राहते, तिथे मशीनवर भरवसा ठेवून घुसू नका, भरती लागेपर्यंत बाहेर थांबा. पेट्रोल तीन वाट्यांत: एक जायला, एक यायला, एक शिल्लक. होडीत दोन प्लग, प्लगचा पाना, पक्कड, डिसमिस, पंख्याच्या पिना, वल्ही, नांगर आणि ओढायची दोरी तुटली तर मशीनच्या वरच्या चाकावर गुंडाळायला गाठ मारलेला दोन हात दोर. मोबाईल डब्यात.

घरी आल्यावर दमलेले असता, मासळी वाटायची असते, हे मला कळतं. तरी गोड्या पाण्याच्या पिंपात मशीन दहा मिनिटं चालवा. मग नळी काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपू द्या, आपोआप बंद पडेल. मशीनला गंजापासून वाचवायला बसवलेल्या जस्ताच्या तुकड्यावर रंग लावू नका. तो झिजण्यासाठीच बसवलेला आहे, अर्धा झिजला की बदला.

मशीन पाण्यात पडली तर? वर काढल्यावर वेळ धरा. गोड्या पाण्याने आतबाहेर धुवा, प्लग काढा, प्लगची भोकं खाली करून दोरी ओढत पाणी काढून टाका, कार्बोरेटर रिकामा करा, भोकांतून ऑईल सोडा, आणि त्याच दिवशी चालू करून अर्धा तास चालवा. दोरी अडकून बसली तर जोर करू नका, आतला दांडा वाकलेला असू शकतो. मेकॅनिक उद्या येणार असेल तर तोपर्यंत मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवा. उलटं वाटतं, पण खारट झालेल्या लोखंडाला हवा लागली की रात्रीत गंज धरतो.

१ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागते, होड्या शाकारल्या (झाकल्या) जातात. मशीन तेव्हाच आवरा. पेट्रोल पूर्ण काढा, नवं गियर ऑईल घाला, प्रत्येक प्लगच्या भोकात चमचाभर ऑईल सोडून दोरी चार वेळा हळू ओढा, प्लग लावा. मशीन उभीच ठेवा, आडवी नाही, म्हणजे उरलेलं पाणी निथळतं. वर प्लॅस्टिक नको, घाम धरतं. जुनी चादर पुरे. पंधरा दिवसांतून एकदा दोरी ओढा. आणि धारेच्या भोकात कापसाचा बोळा घालून वर लाल चिंधी बांधून ठेवा, नारळी पौर्णिमेला काढायची आठवण राहील. माझी मागच्या वर्षी राहिली नाही.