फिलरनंतर डोळ्यापुढे अंधार आला? या चुका टाळा

मी नागपूरला धंतोलीत डोळ्यांच्या ओपीडीत ऑप्टोमेट्रिस्ट आहे. मागच्या लग्नसराईत एक मुलगी आली, आईच्या खांद्याला धरून, डावी पापणी पूर्ण खाली पडलेली, भुवयांच्या मधली कातडी पांढरी-जांभळी, जाळी पडल्यासारखी. सकाळी अकराला नाकात फिलर (आकार यावा म्हणून कातडीखाली सुईने भरतात ते) घेतलं होतं, आमच्याकडे पोचली साडेचारला. मधे काय केलं विचारलं तर आई म्हणे, "मॅडम, ते क्लिनिकवाले म्हणे घाबरली असन, जरा पडून राहा, होऊन जाईन बरं, लिंबूपाणी पाजलं." मी टॉर्च मारली तर डाव्या डोळ्याला उजेडसुद्धा कळत नव्हता.

तर पहिली आणि सगळ्यात वाईट चूक म्हणजे वाट बघणं. नाक, कपाळ, भुवयांच्या मधली जागा इथल्या बारीक धमन्या आत डोळ्याच्या धमनीला जोडलेल्या असतात, सुई चुकून धमनीत गेली आणि जोरात दाबलं की फिलर उलटं मागे ढकललं जातं आणि दाब सुटला की रक्तासोबत वाहत जाऊन रेटिनाचं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं, रक्त अडवतं. त्याला सिरिंजभर फिलर लागत नाही, भुवईजवळच्या एका धमनीत तिथपासून डोळ्याच्या खोबणीच्या टोकापर्यंत सरासरी 0.085 मिली मावतं असं 2017 च्या अभ्यासात मोजलंय, म्हणजे 1 मिलीच्या सिरिंजचा दहावा हिस्साही नाही! आणि वेळ? माकडांवरच्या प्रयोगात रेटिना 97 मिनिटं तगला, 240 मिनिटांनी कायमचा गेला, माणसात त्याहून कमीच धरा. इंजेक्शन चालू असताना अचानक कमी दिसलं, डोळा किंवा डोकं भयंकर दुखलं, उलटी झाली, पापणी पडली, एकाचे दोन दिसले तर तिथेच थांबवायला सांगा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघा.

दुसरी चूक, हातात काहीच कागद न घेता येणं. बॉक्सवरचं स्टिकर घ्या, फोटो काढा, कारण फिलर हायल्युरोनिक अ‍ॅसिडचं असेल तरच ते हायल्युरोनिडेज इंजेक्शनने विरघळतं, पोटाची चरबी काढून चेहऱ्यात भरली असेल किंवा कॅल्शियमवालं फिलर असेल तर नाही विरघळत. चरबीच्या केसेस तर सगळ्यात वाईट जातात.

उपचाराबद्दल खोटी आशा देत नाही. हमखास असा उपचार आजही नाही, डोळ्याच्या मागे हायल्युरोनिडेज द्यावं का यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. पण म्हणून हात बांधून बसायचं नसतं, जिथे टोचलं तिथे भरपूर हायल्युरोनिडेज, डोळ्याचा मसाज, डोळ्यातलं प्रेशर कमी करायला टिमोलॉलचे ड्रॉप आणि असिटाझोलामाइड, हे लगेच सुरू करतात. हे डॉक्टरनेच करायचं, घरी डोळा चोळत बसू नका.

चष्म्याच्या दुकानात किंवा मेडिकल स्टोअरमधून ड्रॉप घ्यायला जाऊ नका, आणि स्वतः गाडी तर अजिबात चालवू नका. डोळ्यांच्या डॉक्टरला रस्त्यातूनच फोन लावा, रात्र असेल तर नागपुरात मेडिकलची नाहीतर मेयोची (ही दोन्ही सरकारी हॉस्पिटलं) कॅज्युअल्टी गाठा. एक हात जड वाटला, बोलताना जीभ अडखळली तर ते आधी सांगा, तेच फिलर मेंदूतही जाऊ शकतं, मग एमआरआय करावा लागतो.

"टोचल्यावर सिरिंजचा दांडा मागे ओढून बघितला, रक्त आलं नाही, सेफ आहे" हे ऐकून निर्धास्त होऊ नका, त्याची गॅरंटी नसते. पार्लरमधल्या बिनसुईच्या फिलर पेनपासून तर लांबच राहा, अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर 2021 मध्येच त्याबद्दल इशारा दिलाय.

आणि कोणी आत्ता लग्नासाठी अपॉइंटमेंट घेऊन राहिलं असेल तर खुर्चीत बसण्याआधी एवढं विचारा: हायल्युरोनिडेजच्या व्हायल्स (बाटल्या) क्लिनिकमध्ये आत्ता किती आहेत, एक्सपायरी काय, आणि डोळ्यांच्या कोणत्या डॉक्टरला फोन कराल? व्हायल दाखवायला सांगा, "मागवून घेऊ" म्हणाले तर चप्पल घालून सरळ घरी या.