शेजारच्या गावाशी पोलीस वाटून घ्यायचे असतील तर

अमेरिकेतल्या स्थानिक पोलीस दलांपैकी जवळपास निम्म्या दलांत १० पेक्षा कमी पूर्णवेळ अधिकारी असतात. एक रजेवर, एक कोर्टात साक्षीला, की रात्रपाळी कोलमडलीच. म्हणून शेजाऱ्याशी हातमिळवणी. पण गणवेश, नाव आणि गाडीचा रंग यांना शेवटी हात लावा, असं मी प्रत्येक नगर परिषदेला सांगतो. खरी भांडणं तिथेच पेटतात.

सुरुवात लोकांच्या नजरेत न येणाऱ्या कामांनी करा: आणीबाणीचे फोन घेणारा कक्ष, मुद्देमालाची खोली, प्रशिक्षण. मग दोघांत मिळून एक तपास अधिकारी नेमा.

माणसं हद्द ओलांडणार म्हटल्यावर मात्र करार लेखीच हवा. दुसऱ्या गावात अटक करण्याचा अधिकार राज्याच्या कोणत्या कायद्याने मिळतो? घटनास्थळी हुकूम कोणाचा? अधिकारी जखमी झाला तर भरपाई कोण देणार, नुकसानीचा दावा आला तर विमा कोणाचा? खर्च लोकसंख्येवर वाटला तर शांत गाव कुरकुरतं, फोनांच्या संख्येवर वाटला तर बाजारपेठेचं. मी प्रत्यक्ष गस्तीचे तास धरतो. बाहेर पडायची मुदत आणि सामायिक गाड्यांची वाटणी आजच लिहा, गोडी असताना.

कॅलिफोर्नियातल्या लेकवूडने १९५४ मध्ये स्वतःचं दल न उभारता काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शेरीफकडूनच, तिथल्या पोलीसप्रमुखाकडूनच, सेवा विकत घेतली. तोही मार्ग आहे.

आणि हो, पोलिसांच्या कर्मचारी संघटनेशी आधी बोला. दोन पगारश्रेणी, दोन ज्येष्ठता याद्या एका गाडीत बसवणं सर्वांत अवघड.