वकिलाच्या ऑफिसचा हिशेब: या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या बऱ्याच वकिली ऑफिसांत बँकेचं खातं एकच असतं. फी त्यातच, कोर्ट फी स्टॅम्पसाठी पक्षकाराने दिलेले पैसे त्यातच आणि तडजोडीत समोरच्या बाजूने दिलेला चेकही त्यातच. पुढे आयकराची नोटीस येवो, जीएसटीचा प्रश्न निघो की बार कौन्सिलकडे तक्रार जावो, माग काढत गेलं की बहुतेक वेळा याच खात्यापाशी येऊन थांबायला होतं.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम २५ ते ३० याबद्दल स्पष्ट आहेत. पक्षकाराचे पैसे आले की ते फीचे की खर्चाचे, हे नोंदीत लिहायचं. दावा चालू असताना खर्चाच्या पैशातून फी वळती करायची तर पक्षकाराची लेखी संमती लागते. त्याच्या वतीने एखादी रक्कम हाती आली तर त्याला लवकरात लवकर कळवायचं. त्याने खात्याचा उतारा मागितला तर नकलेचा खर्च घेऊन तो द्यावाच लागतो. ‘आमच्याकडे सगळं विश्वासावर चालतं’ हे खरं असेल, पण तक्रार झाली की समोर ठेवायला खतावणीच लागते.

समजा, पक्षकाराने ६०,००० रुपये दिले. पावतीवर ‘फी ३५,०००, खर्चासाठी २५,०००’ असं तिथल्या तिथे लिहा. खर्चाचे २५,००० ‘पक्षकार निधी’ नावाच्या वेगळ्या खात्यात ठेवा. त्यातून कोर्ट फी १२,५००, कोर्ट कमिशनर २,०००, नकला व टायपिंग २,१००, समन्स ८०० असे १७,४०० गेले, तर त्या दाव्याच्या पानावर ७,६०० शिल्लक दिसली पाहिजे. पान दाव्याच्या क्रमांकाने उघडा, पक्षकाराच्या नावाने नव्हे. एकाच शेतकऱ्याचे वाटणीचा दावा, मनाईचा दावा आणि अपील असे तीन विषय असतात आणि नावाच्या पानावर त्यांची गल्लत होते.

पैसे मिसळले तर करात काय होतं, तेही बघा. वर्षभरात खात्यात ५८ लाख जमा झाले आणि त्यातले ११ लाख पक्षकारांचे होते. खरी जमा ४७ लाख, म्हणजे आयकराच्या कलम ४४एडीएच्या (जमेच्या निम्मा नफा गृहीत धरून कर भरायची सोय) ५० लाखांच्या मर्यादेत. वेगळी नोंद नसेल तर ५८ लाखच तुमची जमा धरली जाते. रोखीची जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा ७५ लाख होते, पण तेव्हाही त्या ११ लाखांवर निम्मा, म्हणजे साडेपाच लाख नफा गृहीत धरून कर बसतो. आपल्या तालुक्यांत रोखीचं प्रमाण जास्त. ते ५ टक्क्यांच्या वर गेलं की मर्यादा ५० लाखांचीच राहते आणि थेट टॅक्स ऑडिटच (सीएकडून हिशेबतपासणी) लागतं. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. इथे सवयीचे जुने क्रमांक दिले आहेत.)

आधीच मिसळामिसळ झाली असेल तर बँकेचा १ एप्रिलपासूनचा उतारा काढा. प्रत्येक जमेसमोर दाव्याचा क्रमांक आणि ‘फी’, ‘खर्च’ किंवा ‘पक्षकाराची रक्कम’ यांपैकी एक शब्द लिहा. कोर्ट फीच्या पावत्या जुळवा. उरलेली शिल्लक एकाच दिवशी नव्या खात्यात वळवा आणि ज्यांचा दावा संपला आहे त्यांना हिशेब करून परत द्या. हे काम कारकुनावर पूर्ण सोपवू नका. कुठली रक्कम कशासाठी आली, हे बहुतेक वेळा फक्त वकिलालाच माहीत असतं.

बिलातही हाच भेद ठेवा. साखर कारखान्याला किंवा बँकेला एकाच आकड्याचं बिल दिलं तर पूर्ण रकमेवर १० टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्यानेच आधी कापून भरायचा आयकर) कापला जातो. फीचं बिल वेगळं, प्रत्यक्ष खर्चाचं वेगळं आणि खर्चाच्या बिलासोबत मूळ पावत्या.

भूसंपादनाच्या दाव्यांत, हलगा-मच्छे बायपाससारख्या, आणखी एक चूक सर्रास दिसते: ‘भरपाई मिळेल त्यातून इतके टक्के’ अशी बोली. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियम २० ची मनाई आहे. फी आधीच ठरवून लेखी द्या. वकील नसलेल्या माणसाशी, मग तो पक्षकार आणून देणारा एजंट असो की कर सल्लागार, फीची वाटणी करायलाही बंदी आहे.

रोखीत एकाच दाव्यासाठी ६०,००० चे चार हप्ते घेतले तर एकूण २,४०,००० होतात. दिवस वेगळे असले तरी व्यवहार एकच, म्हणून २ लाखांची मर्यादा ओलांडली जाते आणि आयकराच्या कलम २६९एसटीखाली घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. दुसऱ्या हप्त्यापासूनच चेक किंवा यूपीआय मागा.

जीएसटीत दोन टोकाच्या चुका होतात. एक, उद्यमबागच्या फाउंड्रीला किंवा इचलकरंजीच्या कारखानदाराला बिलात १८ टक्के लावणं. वकिलाच्या सेवेवरचा कर रिव्हर्स चार्जने व्यावसायिक पक्षकार स्वतः भरतो. बिलावर तेवढं लिहा, कर घेऊ नका. चुकून घेतला असेल तर तो खिशात ठेवता येत नाही, जीएसटी कायद्याच्या कलम ७६ प्रमाणे सरकारजमा करावा लागतो. दुसरी चूक: ‘वकिलाला नोंदणी लागतच नाही’ हा समज. ती सूट फक्त रिव्हर्स चार्जचीच सेवा देणाऱ्याला आहे. फी १८ लाख आणि जीएसटी नोंदणी नसलेल्या भाडेकरूकडून दुकानाच्या गाळ्याचं भाडं ३ लाख असेल तर उलाढाल २१ लाख होते. २० लाखांची मर्यादा ओलांडली, नोंदणी लागली.

भागीदारी फर्म असेल तर १ एप्रिल २०२५ पासूनचं आयकराचं कलम १९४टी विसरू नका. भागीदाराला पगार, बोनस, कमिशन किंवा व्याज वर्षात २०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस. रक्कम हातात न देता भांडवल खात्यात जमा केली तरी तो कापावा लागतो. फर्मने ३१ मार्चला एकदम नोंदी घातल्या की कपात राहून जाते आणि दरमहा १ टक्का व्याज बसू लागतं. दरमहा नोंद करा आणि त्या महिन्याची कपात पुढच्या ७ तारखेपर्यंत भरा. मार्चच्या कपातीला मुदत ३० एप्रिलची.

शेवटी कर्मचाऱ्यांचा व्यवसाय कर. हिशेबनीस कोल्हापूरचा असला की पगारपत्रकात महाराष्ट्राचा तक्ता लागतो आणि १२,००० पगाराच्या कारकुनाचे दरमहा २०० रुपये कापले जातात. कर्नाटकात एप्रिल २०२३ पासून २५,००० च्या खालच्या पगारावर हा कर नाही. आजवर कापलेले पैसे त्याला पुढच्या पगारात जोडून द्या.