द्राक्षाचा कंटेनर रॉटरडॅमला खराब उघडतो, तेव्हा... या चुका टाळा

फेब्रुवारीत निफाड-दिंडोरीकडच्या बागांत दव वाळलं की तोडणी सुरू होते. नऊ वाजता मणी हाताला गार लागतो. अकरा-साडेअकराला तोच मणी कोमट झालेला असतो, आणि भरलेले क्रेट बांधावरच्या बाभळीच्या विरळ सावलीत पिकअपची वाट बघत असतात. महिनाभराने रॉटरडॅमला त्याच घडांचे देठ तपकिरी निघतात, आयातदाराकडून फोटो व्हॉट्सअॅपवर येतात, आणि आपल्याकडे सगळे म्हणतात, "बोटीवर रिफर बंद पडला असणार." रिफर म्हणजे माल गार ठेवणारा कंटेनर.

मी पॅकहाऊसमध्ये दहा हंगाम काढले. असे फोटो बरेच पाहिले. मालासोबत ठेवलेल्या लॉगरचा, म्हणजे तापमान नोंदणाऱ्या यंत्राचा, आलेख उघडला की बहुतेक वेळा बोटीवरची रेघ सरळच असते. गडबड माल बंदरात पोहोचायच्या आधी, आपल्याच हातून झालेली असते. तीच सांगतो.

रिफरला प्रीकूलिंगचं काम लावू नका

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. प्रीकूलिंग म्हणजे माल कंटेनरमध्ये भरण्याआधी गार करणं. रिफर कंटेनर गार मालाला गार ठेवतो. बागेतली उष्णता काढून घ्यायची ताकद त्या मशीनमध्ये नसते. तेरा-चौदा टन माल सहा-सात अंशांवर आत ढकलला, तर मधले बॉक्स खाली यायला कित्येक दिवस जातात. तेवढ्यात राखाडी बुरशी आपलं काम करून घेते. बोट्रायटिस ही बुरशी शून्य अंशालाही वाढते, फक्त हळू वाढते. गरम मालात तिला हळू वाढायचंही कारण उरत नाही.

एका हंगामात बंदराची कट-ऑफ, म्हणजे माल घ्यायची शेवटची वेळ, गाठायची होती. शेवटचे चार पॅलेट प्रीकूलिंगमधून लवकर काढले. सुई घालून पाहिलं तर मण्याच्या आत सहा अंश. "वाटेत उतरेल" म्हणून भरले. तिकडे कंटेनर उघडला तेव्हा सोळा पॅलेट स्वच्छ होते आणि दाराजवळच्या त्याच चार पॅलेटच्या पनेटमध्ये, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या डब्यांत, पाणी सुटलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : तोडणीपासून चार तासांत माल प्रीकूलिंगला लागला पाहिजे, आणि मण्याचं तापमान शून्य ते एकच्या दरम्यान आल्याशिवाय पॅलेट हलवायचं नाही. खोलीच्या भिंतीवरचा आकडा बघून समाधान मानू नका. थर्मामीटरची सुई मधल्या बॉक्समधल्या मण्यात घाला.

एक गोष्ट नवीन लोकांना उलटी वाटते. माल भरायच्या आधी कंटेनर रिकामाच गार करून ठेवायची घाई करू नका. तुमचा डॉक कोल्ड स्टोरेजला हवाबंद जोडलेला असेल तर चालेल. उघड्या धक्क्यावर गार कंटेनरचं दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि भिंतींना पाणी सुटतं. भरताना मशीनही बंद ठेवा, नाहीतर कॉइलवर बर्फ धरतो आणि दार लावल्यावर तासन्‌तास हवाच नीट फिरत नाही.

हवेचा रस्ता

कंटेनरच्या तळाला टी आकाराच्या पट्ट्या असतात. गार हवा त्यांच्यामधून पुढे जाते, बॉक्सच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून मशीनकडे परतते. हा रस्ता डोळ्यांसमोर ठेवला की निम्म्या चुका आपोआप टळतात. बॉक्स तिरके रचले की भोकांसमोर भोकं येत नाहीत. भिंतीवरच्या लाल रेघेच्या वर एक थर जास्त चढवला की परतीची वाट बंद होते. शेवटचं पॅलेट आणि दार यांच्यामध्ये जमीन उघडी राहिली, तर हवा सोपी वाट धरते : तिथूनच वर उसळते आणि मालात शिरतच नाही. त्या उघड्या भागावर जाड पुठ्ठा अंथरा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि रात्री दोन वाजता नेमकं तेच राहून जातं.

सेट पॉइंट, म्हणजे मशीनला ठरवून दिलेलं तापमान, बुकिंगमध्ये, चालकाच्या कागदावर आणि मशीनच्या पडद्यावर, तिन्ही ठिकाणी जुळवून बघा. द्राक्षाला आम्ही उणे ०.५ ठेवतो आणि ताज्या हवेची झडप बंद. उणे चिन्ह गळणं ही क्षुल्लक चूक नाही. गोठवलेल्या मासळीच्या कंटेनरवर उणे १८ ऐवजी नुसतं १८ पडलं, तर पुढे काय होतं ते सांगायला नको. केळी मात्र तेरा-चौदा अंशांवर जातात, द्राक्षाच्या तापमानाला ती काळी पडतात. तेव्हा मागच्या बुकिंगची नक्कल मारून नवीन बुकिंग करू नका.

नाशिक ते न्हावा-शेवा हा प्रवासही विसरू नका. कसारा घाट उतरताना कंटेनरला वीज देणाऱ्या जेनसेटमध्ये डिझेल किती आहे, ते निघतानाच बघा.

फोटो आले, आता ओळखा कसं?

देठ वाळून तपकिरी, मणी मात्र टणक : तोडणी ते प्रीकूलिंग वेळ गेला. पनेटमध्ये पाण्याचे थेंब : गरम माल भरला किंवा गार माल दमट हवेत उघडा राहिला. देठाजवळ मण्यावर पांढुरके फिके डाग : सल्फर डायऑक्साइड जास्त सुटला. बुरशी रोखायला बॉक्समध्ये ठेवलेल्या एसओटू पॅडमधून हा वायू ओलाव्याने सुटतो, म्हणून ओला माल पॅक केला की एकदम भडका. उलट, सगळ्या बॉक्समध्ये थोडी थोडी बुरशी असेल तर पॅड कमी पडला किंवा लायनरची, म्हणजे बॉक्समधल्या प्लॅस्टिक पिशवीची, घडी उघडी राहून वायू निघून गेला. आणि बुरशी ठरावीक पॅलेटमध्येच असेल तर रचनेचा नकाशा काढा, चूक हवेच्या रस्त्यात किंवा त्या पॅलेटच्या तापमानात सापडेल.

पॅडचा हिशेब करताना प्रवासाचे दिवस खरे धरा. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, आणि २०२४ च्या हंगामात युरोपचा प्रवास दहा-बारा दिवसांनी, कधी त्याहूनही लांबला. पंचवीस दिवस टिकणारा माल तेवढ्या प्रवासाला पुरत नाही. लांबच्या बोटीला कडक देठाचा, पाऊस न लागलेला प्लॉट निवडा. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, वाटेत गोडी वाढत नाही. सोळा ब्रिक्सच्या (ब्रिक्स हे गोडी मोजायचं माप) खाली तोडलेला घड तिकडेही आंबटच निघणार.

औषधाचे अंश

इथे थंडी कामाला येत नाही. २०१० च्या हंगामात युरोपात क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ रोखणारं आपलं लिहोसिन, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि नाशिकच्या किती घरांची वर्षभराची कमाई अडकली, ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस यादी भिंतीला लावा. फवारणी ते तोडणीमधले दिवस वहीत तारखेनिशी लिहा. ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणीत, प्लॉट नोंदवला म्हणजे झालं असं नाही. शेजारच्या बागेतून वाऱ्याने आलेलं औषधही तपासणीत दिसतं.

दाव्यासाठी

नुकसान वरून दिसत नसेल तर माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत जहाज कंपनीला लेखी कळवावं लागतं, आणि दावा लावायला एक वर्ष मिळतं. फोनवर आयातदाराशी भांडण्यात ते तीन दिवस जातात. आधी नोटीस, लगेच नुकसान तपासणारा सर्व्हेअर, मग बाकीचं बोलणं. भरताना प्रत्येक पॅलेटचं तापमान, लाल रेघेखालची रचना आणि सील क्रमांक यांचे फोटो काढून ठेवा. लॉगर दोन टाका, एक मधल्या पॅलेटमध्ये आणि एक दाराजवळ वरच्या थरात, आणि त्यांचे क्रमांक पॅकिंग लिस्टवर लिहा. क्रमांक लिहिलेला नसेल तर तिकडच्या गोदामातला माणूस तो शोधत बसत नाही. पुठ्ठ्याबरोबर लॉगरही कचऱ्यात जातो.